भुरीची दोरी

पट्टा बांधला की भुरी मांजर अंगणात आडवीच पडायची. शेजारचा गोरख हसायचा, "वैनी, बिबट्याच्या भ्यानं मांजर बांधलं व्हय?"

मंगल हसायची नाही. तिची नजर सारखी उसाकडं जायची.

हल्ली सासरे बाहेर पडले की घराची वाट विसरायचे, अन् कुणी सोबत निघालं की चिडायचे. भुरी दोरीनं चालायला लागली, तशी मंगलनं दोरी त्यांच्या हातात दिली. "मामा, हिला जरा फिरवून आणा."

भुकेनं मांजर घराकडं वळावं म्हणून भुरीचं दूध तिनं मुद्दाम राखून ठेवलं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती आत-बाहेर करत राहिली. दिवस मावळायच्या आत घराकडं ओढ घेणारी भुरी दिसली, अन् मागं मामा.



"मंगल, हिला एकटीला सोडत जाऊ नको," दोरी देत मामा म्हणाले, "वाट चुकंल."