रिकाम्या थिएटरची चाचणी

"फोडण्याआधी मोठ्यानं सांगाल का, ताई?" रखवालदारानं पुन्हा एकदा विचारलं.

तिनं हातातला फुगा खाली घेतला. म्हातारा माणूस, दचकत असेल. "सांगते, काका," ती म्हणाली. मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोडतेय."

फुगा फुटला. माईकनं आवाज विरेपर्यंत टिपून घेतला.

ध्वनिशास्त्राची पदवी घेतल्यावरचं हे तिचं पहिलंच काम, आणि तेही मामाचं. बंद पडलेलं हे जुनं थिएटर पाडू नये, तिथं नाटकं, गाणी, सभा व्हाव्यात म्हणून मामानं पालिकेचे उंबरे झिजवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. "लोकांचं हक्काचं घर होईल," असं तो ज्याला त्याला सांगे. थिएटरमागची वस्ती पालिकेनं उठवली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. घराला अंगण नको का?

आता परवानगी एका अटीवर अडली होती. प्रतिध्वनी मर्यादेत आला नाही, तर लगेच पाडकाम.

तिला आशा नव्हती. खुर्च्या उचकटून नेलेल्या, गालिचे गेलेले, चहूकडे उघडं प्लास्टर. सिनेमाचा पांढरा पडदा तेवढा उरला होता, मागच्या स्पीकरचा आवाज पुढं यावा म्हणून बारीक भोकं पाडलेला. अशा जागेत आवाज भिंतींवर आपटत राहतो. मामाला वाईट बातमी कशी सांगायची, हे ती वाटेत घोकूनच आली होती.

आवाज किती वेळ घुमत राहतो, त्याचा आकडा लॅपटॉपवर आला. तिच्या हिशेबाच्या जेमतेम निम्मा.

तिनं माईक तपासला, त्याची जागा बदलली, आणखी फुगे फोडले. आकडा हलेना.

"पास?" तिच्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या मामानं विचारलं.

"पास. पण व्हायला नको होतं."

मामाचे डोळे भरून आले होते. जास्त मार्क पडले म्हणून तोंड पाडणारी भाची आपल्याच नशिबी, असं म्हणत त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि समितीला फोन करायला तो बाहेर गेला.

ती रिपोर्टसमोर बसून राहिली. आवाज आपोआप नाहीसा होत नाही, कशात तरी मुरावा लागतो. प्लास्टरमध्ये तो मुरत नाही. कारण कळल्याशिवाय तिचा हात सहीला उठेना.

"करा की सही," रखवालदार म्हणाला. "नवं काम सुरू व्हायला वर्ष जाईल, ताई. पाडायचं म्हटलं तर आठवड्यात पाडतील."

"करते. फक्त पडद्यामागं बघून येते."

तो आडवा आला. मागं उंदीर आहेत, फळ्या कुजल्यात, पाय अडकेल, असं बरंच काही सांगू लागला. तिनं हसून त्याला बाजूला केलं, पडद्याशेजारचं दार ढकललं आणि टॉर्च लावला.

गाद्या आणि बोचकी भिंतींना लागून उंच रचलेली. त्यांना टेकून बायका, पुरुष, म्हातारे दाटीवाटीनं बसलेले. मांड्यांवर मुलं, आणि प्रत्येक मुलाच्या कानांवर कुणाचे तरी हात.

दाराजवळच्या बाईनं हात न काढता हळूच विचारलं, "संपले का फुगे, ताई? लेकरांना बोलू देऊ आता?"