शोभेचे जीव

"बाई, सव्वीस दिवसांत तुमच्या पोटातून एकही नोंद नाही," पाणी खात्याचे शिरसाट उंबऱ्यावरूनच म्हणाले. नळाच्या पाण्यात खात्याने सूक्ष्म संवेदक सोडल्यापासून मालवणात कोणी काय खाल्लं, कोण कोणावर चिडलं, सगळं कार्यालयात कळत होतं.

रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका इंदुमती पेडणेकरांनी काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं. "तुमच्या पाण्याने माझं टाकीतलं जिवंत पोवळं तासाभरात मिटतं. म्हणून मी ते उकळून, वाफ धरून, समुद्री मीठ घालून टाकीला घेते. मीठ घालण्याआधीचं तेच पाणी आम्हीही पितो."

"शुद्ध पाण्याची सवलत शोभेच्या जीवांना आहे, नागरिकांना नाही. अर्ज भरा, नाहीतर टाकी जप्त."

बाईंनी अर्ज ओढून घेतला. 'टाकीच्या पाण्यावर जगणारे शोभेचे जीव' या रकान्यात त्यांनी ठळक लिहिलं: पोवळी चौदा, इंदुमती एक, यजमान एक.

"अहो, यजमान शोभेचे?"

"पस्तीस वर्षं तेच करतायत. लिहून घ्या."

आतल्या खोलीतून निषेधाचा खोकला आला.

"हा अर्ज मंजूर व्हायचा नाही, बाई."

"नको होऊ दे. पण नामंजुरीचं कारण लेखी लागतं. पोवळ्याला चालत नाही ते पाणी माणसाने मुकाट प्यावं, असं लिहून खाली सही कोण करणार? तुम्ही?"

शिरसाटांनी पेन उघडलं, बंद केलं. मग अर्जावर पोच दिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "लहानशी टाकी कुठे मिळते हो? घरी आम्ही चौघं आहोत."