एकाच बाळाच्या दोन ओळी

"घे, बघ एकदा. उद्या प्रबंध जमा करायचाय." धाकटीने स्क्रीन ताईकडे वळवला.

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत. धाकटी तिच्यानंतर पीएचडीला आली होती आणि तिच्याआधी निघाली होती. मधल्या काळात ताईला मुलगी झाली, आणि तिचं संगणकावरचं मॉडेल जे रुसून बसलं ते अजून उत्तरावर येत नव्हतं.

"सरांनी बघितलंय ना?"

"सर नुसतं 'छान, छान' करतात. तू बघ. मी कॉफी आणते."

धाकटीचं मॉडेल नवजात बाळांचं होतं. वजन, श्वास, रक्ताचे आकडे पाहून ते सांगायचं, कुठलं बाळ खुशाल घरी सोडावं आणि कुठलं पंधरा दिवसांत धापा टाकत परत येईल. ज्या इस्पितळाने माहिती दिली होती, तिथले डॉक्टर लवकरच ते वापरणारही होते. शंभरातली शहाण्णव उत्तरं बरोबर. हा आकडा ताईने लेकीला थोपटतानासुद्धा मनात घोळवला होता, आणि दर वेळी तो टोचला होता.

ती वाचू लागली. तांदूळ निवडावेत तशी, पण खडा निघावाच अशी इच्छा धरून.

खडा निघेना. मेलीने ओळीओळीला टिपासुद्धा लिहून ठेवल्या होत्या. मॉडेल सोडून ताईने मूळ माहितीचा तक्ता उघडला, आणि बऱ्याच वेळाने दोन ओळींवर थांबली.

दोन बाळं. नंबर वेगळे. पण जन्माची वेळ मिनिटापर्यंत तीच, वजन ग्रॅमपर्यंत तेच. जुळ्यांचंही असं नसतं.

तिला आपल्या लेकीच्या पायातली पट्टी आठवली. तिच्यावर लेकीचं नाव नव्हतं. नुसतं 'बाळ', आणि आईचं नाव. पुढे नाव ठेवून दाखवायला नेलं, तर काउंटरवर नवं कार्ड, नवा नंबर. ती पट्टी अजून कपाटात होती. टाकवत नव्हती.

तिने दोन्ही ओळी शेवटपर्यंत वाचल्या. पहिल्या नंबरचं बाळ: सुखरूप घरी. दुसऱ्या नंबरचं: दाखल, धाप. मॉडेल पहिल्या ओळीवरून शिकलं होतं, की असं बाळ खुशाल सोडावं. तिने तक्त्यात तशाच ओळी शोधल्या. अशा जोड्या निघतच गेल्या.

ताईला हसू आलं. खरंच आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

आत्ता सांगितलं तर धाकटीचा उद्याचा दिवस बुडत होता. गप्प बसलं तर परीक्षकांसमोर तिची शोभा होणार होती. दोन्ही गोड होतं. फक्त ते धापा टाकणारं बाळ मध्ये येत होतं.

धाकटीने कप टेबलावर ठेवला.

"हे बघ," ताई म्हणाली. "ही दोन नाहीत, एकच बाळ आहे. नाव ठेवलं आणि नंबर बदलला. तू सुखरूप धरलंस, ते परत आलं होतं. अशी बरीच आहेत." आवाजातला आनंद तिला काही केल्या लपवता येईना.

धाकटी उभ्याउभ्याच वाचत राहिली.

"म्हणजे शहाण्णव गेले."

"गेले."

"आणि उद्याचं जमा करणंही." तिने बाहीने नाक पुसलं. "वाटतच होतं गं, कुठेतरी काहीतरी आहे. मला सापडत नव्हतं. म्हणून तर तुला दिलं."

"मला मुलगी आहे म्हणून?"

"छे! ते कुठलं सुचायला मला? तू माझ्यावर जळतेस म्हणून."

ताईचे कान तापले.

"बाकी सगळे प्रेमाने वाचतात," धाकटी म्हणाली. "प्रेमाने वाचून काय सापडणार, कपाळ!"

तिने आपली खुर्ची ओढत ताईच्या टेबलाशी नेली.

"आता तुझं मॉडेल दे. माझं लांबलं, म्हणजे तूच आधी जाणार. मीपण बघते तितक्याच वाईट मनाने."

ताईचा पंजा आपल्या बंद लॅपटॉपवर घट्ट बसला होता. मग तिने एकेक बोट उचललं, झोपलेल्या लेकीच्या मुठीतून पदर सोडवावा तसं.