खांबावरचं बटण

झोराच्या झेरॉक्सच्या दुकानात एकाच पडद्यावर स्तामेन दोनदा दिसत होता. डावीकडे ओळखपत्रावरचा, कपाळाला आठ्या घातलेला. त्याला जाऊन उद्या सहा महिने होणार, हा त्या निधनाच्या कागदासाठी. उजवीकडे तोंडाला काजळी फासलेला, हातात वल्ह्याएवढं लाकडी उलथनं, खदाखदा हसणारा. हा चटणी विकायच्या वेबसाइटसाठी.

डॅन्यूबकाठच्या ह्या गावात माणूस गेला की त्याचा कागद घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा. ते कागद झोराच छापते, वेबसाइटही तीच बनवते, लग्नपत्रिकाही. दुसरं आहे कोण?

स्तामेनची बायको गेर्गा आजी खुर्चीत पिशवी मांडीवर धरून बसली होती. तळघरात त्रेचाळीस बरण्या उरल्या होत्या, स्तामेननं गेल्या शरदात मिरच्या भाजून घोटलेल्या चटणीच्या. स्वतः खायला तिचं मन धजत नव्हतं.

"विकून टाकते बाई. घरात ठेवल्या तर मी त्यांच्याशी बोलत बसते. परवा एकीशी भांडले."

"मग ऐक, आजी," झोरा म्हणाली. "एकच मोठा फोटो. खाली तीन ओळी. त्याखाली बटण, 'मागवा'. बाकी सगळं पांढरं सोडायचं."

"एवढं पांढरं? त्यात आपल्या वेल्कोच्या पोरीचं अख्खं लग्न बसेल, वाजंत्र्यांसकट."

"लोक तीन सेकंद बघतात आणि जातात."

"तीन सेकंद! स्तामेनला घसा खाकरायलाच तेवढे लागायचे." आजी पुढे सरकली. "बरं, लिही. स्तामेन मिरच्या भाजायला बसतो, तेव्हा वास डॅन्यूब ओलांडून पलीकडे रोमेनियात जातो."

झोरानं 'बसायचा' लिहिलं.

"बसतो लिही. दुकान चालू आहे ना? मग माणूसही चालू."

झोरानं ते खोडून 'बसतो' केलं.

"रोमेनियाच्या सरकारनं चौकशीला माणूस पाठवला. तो अजून परतलेला नाही."

"आजी, खोटं लिहिलेलं चालत नाही गं."

"खोटं कुठलं? तो माणूस म्हणजे आपला वेल्को. गावात कुणालाही विचार."

झोरा हसली. आजी हसली नाही. ती डावीकडच्या फोटोकडे बघत होती.

"आणि ह्याच्याखाली काय लिहायचं?" झोरानं हळूच विचारलं.

"सगळ्यांच्या खाली असतं तेच. अतीव दुःख, कधीही विसरणार नाही. तुझ्याकडे तयारच असेल."

होतंच. झोरानं नाव आणि तारखा भरल्या, तीस प्रतींचा आकडा टाकला आणि बटण दाबलं. त्या मशीनमध्ये कायम काळ्या चौकटीचाच कागद भरलेला असतो. मशीन घरघरलं, कागद येत राहिले. झोरा गठ्ठा ठोकून सरळ करायला लागली आणि तिचा हात थांबला.

काळ्या चौकटीत स्तामेन हसत होता. तोंडाला काजळी, हातात उलथनं. खाली डॅन्यूब, रोमेनिया, तो अजून परतलेला नाही. त्याखाली गोल कडांचं लाल बटण, 'मागवा'.

"अरे देवा! आजी, चुकून दुसरंच छापलं गेलं. थांब, पाच मिनिटांत नवे काढते. हे फाडून टाकते."

"दे इकडे."

आजीनं चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिली. तीन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"सहा महिने झाले," ती म्हणाली, "तो माझ्या दारावरून आठ्या घालून बघतोय. दूध आणायला जाते, बघतोय. परत येते, बघतोय. मला वाटायला लागलं होतं, हा असाच होता."

तिनं कागद पिशवीत भरले.

"चिकटपट्टी दे."

"आजी, लोक काय म्हणतील?"

"तीन सेकंद म्हणतील आणि जातील. तूच म्हणालीस ना?"

बाहेर ऑक्टोबर होता आणि प्रत्येक अंगणात मिरच्या भाजणं चाललं होतं. आजीनं पहिला कागद बसथांब्याच्या खांबावर लावला. दुसऱ्या खांबाशी पोचते तोच मागून ओरडणं ऐकू आलं.

"गेर्गा! ए गेर्गा! हे काय लावलंस?"

वेल्को काठी टेकत खांबापाशी उभा होता. नाक कागदाला लागेल इतका जवळ.

"वाचता येत नाही का, वेल्क्या?"

"मी कधी रोमेनियाचा होतो? चर्चच्या मागं जन्मलोय मी! माझ्या बापाचं घर आहे तिथं!"

"चौकशीला आलेला माणूस असंच सांगतो."

"बत्तीस वर्षं!" वेल्कोनं काठी आपटली. "बत्तीस वर्षं हेच बोलून छळलं त्यानं मला. खानावळीत, चर्चमध्ये, माझ्या पोरीच्या लग्नात. तिचे सासरे मला अजून विचारतात, तुमच्या देशात कसं काय चाललंय. आणि आता मेल्यावरही..."

त्यानं टोपी काढली. पुन्हा तीन ओळी वाचल्या. ओठ हलत होते. मग त्यानं जाडजूड बोट उचललं आणि कागदावरचं 'मागवा'चं लाल बटण दाबलं. थांबला. खांबाकडे बघत राहिला.

पुन्हा दाबलं, जरा जोरात.

गेर्गा आजी दोन्ही हातांनी पिशवी धरून त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"दोनदा कशाला दाबतोस, वेल्को," ती म्हणाली. "एकच होता."