हा माणूस होता

"इथे एक कुंडी काढा," प्रकाशक म्हणाला. "छानशी. फुलांची."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राकडे पाहिलं. मुलांसाठी शहराच्या इतिहासाचं पुस्तक, पान अठरा. कचेरीचा सज्जा, आणि सज्जात उभे असलेले शहराचे जुने प्रशासक.

"अख्ख्या माणसाच्या जागी कुंडी?"

"वरून निरोप आहे, बाई. ते आता नकोत. कचेरीतले फोटो उतरवले, रस्त्याचं नाव बदललं. शाळांसाठी पुस्तक कचेरीच घेणार आहे. तुम्हाला काय, दोन तासांचं काम."

"पंधरा मिनिटांचं आहे," बाई म्हणाल्या. "पण मी करणार नाही."

"मग दुसरा कोणी करेल."

"करार वाच. माझ्या सहीशिवाय एक रेघ हलवायची नाही."

प्रकाशक चाळिशीचाही नव्हता. त्याने हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. शेवटी पुस्तकच रद्द झालं म्हणून सांगून निघून गेला. बाईंनी ब्रश धुवून फडक्यावर ठेवले.

सर्कशीची, नाटकांची, साबणाची पोस्टरं रंगवण्यात त्यांची तरुणपणची वर्षं गेली. मध्ये बराच काळ कोणी काम देईना, तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुस्तकांची चित्रं त्यानंतर आली. बाकीच्या पानांसाठी त्यांनी जुने फोटो जमवले होते. प्रशासकांचा चेहरा मात्र कुठलाही फोटो समोर न ठेवता काढला होता, आणि तो हुबेहूब उतरला होता.

धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. आयुष्यभर नर्स होती, त्यामुळे बोलणं टोचून.

"त्या माणसासाठी भांडतेस? ताई, तू? मला तर त्याचं तोंड बघवत नाही."

"नको बघूस. खळ शिजवशील का? बादलीभर लागेल."

"कशाला?"

"पोस्टर लावायचंय."

त्यांनी पान अठरा दाराएवढं मोठं करून घेतलं. प्रशासकांच्या पायाखाली तीनच शब्द रंगवले, लांबून वाचता येतील असे: हा माणूस होता.

दिवसाढवळ्या, ऐन वर्दळीत, दोघी बहिणी कचेरीच्या भिंतीशी पोहोचल्या. धाकटी तणतणत होती, पण शिडी तिनेच धरली.

"आजी, परवानगी आहे का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"चाळीस वर्षांत कधी काढली नाही. आता म्हातारपणी वाईट सवय कशाला लावून घेऊ?"

तो हसला आणि दुसरीकडे बघत राहिला. दुपारी कचेरीच्या माणसांनी पोस्टर फाडलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवं लावलं. तेही फाडलं. गुडघे कुरकुरत होते, पण बाई हटायला तयार नव्हत्या. चौथ्या दिवशी बघ्यांची गर्दी झाली. पोरं विचारू लागली, "कोण हा?" मोठी माणसं वाकून, हलक्या आवाजात सांगू लागली. एक म्हातारी पोस्टरसमोर बराच वेळ उभी राहिली, मग तिने बाईंच्या हातातली बादली आपल्या हातात घेतली.

सहाव्या दिवशी पोस्टर फाडायला कोणी आलंच नाही.

आता कुंडीची गोष्ट गावभर झाली होती. रस्त्यातली पोरं कचेरीच्या साहेबांच्या गाडीमागे "कुंडी, कुंडी" ओरडत धावायची. महिनाभराने प्रकाशक पेढ्यांसारखा गोड चेहरा करून आला. पुस्तक निघणार होतं, पान अठरा जसंच्या तसं.

"जिंकलात, बाई."

"अजून छापून यायचंय," बाई म्हणाल्या.

ते छापून आलं. शाळांत वाटलं गेलं. आणि एका सकाळी दारावर थाप पडली. धाकटीने दार उघडलं, पाहुण्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

दारात काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ उभे होते. शर्ट कडक इस्त्रीचा. काखेत ते पुस्तक.

"ओळखलंत?"

"ओळखलं."

"बसू का?"

बाईंनी खुर्ची पुढे केली नाही. ते उभेच राहिले.

"रस्त्यात लोक तोंड फिरवतात. माझ्या मुलाने घरातला माझा फोटो काढून माळ्यावर टाकला. आणि तुम्ही, ना ओळख ना पाळख, भर चौकात लिहिलंत, हा माणूस होता." त्यांनी काखेतलं पुस्तक सावरलं. "एवढं का केलंत माझ्यासाठी?"

"ओळख आहे," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वीची. तुमच्या सहीचा कागद घेऊन चौघे आले होते. आमच्या यांना पायात चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. तेव्हापासून मी दरवर्षी कचेरीत अर्ज करते, यांचं काय केलंत म्हणून. दरवर्षी उत्तर येतं, असं काही घडलंच नाही."

त्यांच्या काखेतलं पुस्तक घसरलं. बाईंनी ते वाकून उचललं, पान अठरा उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"तुम्ही कधी नव्हताच असं ठरलं असतं, तर माझ्या नवऱ्याला नेलं कोणी?"