पुढचं चाक

"तू हो पुढे. माझ्या काठीला तुझा वेग जमायचा नाही," असं म्हणत ताई गाडीचं दार धरून सावकाश उतरली.

तो पुढे झाला नाही. मिस्त्रींच्या दुकानाच्या पायरीशी थांबून चष्मा पुसत राहिला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला वेळ काढायला तेवढं निमित्त पुरतं.

जिन्याखालच्या खोलीत मिस्त्री पाण्याच्या एका पंपावर वाकले होते. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या उड्डाणाच्या मैदानावरची निम्मी विमानं याच हातांच्या भरवशावर उडायची. आता पंप, पंखे आणि कोपऱ्यात कुणाचं तरी शिलाई मशीन.

"या साहेब," मिस्त्री म्हणाले. फडक्याने स्टूल पुसून त्यांनी ते ताईपुढे सरकवलं.

'साहेब' त्याला लागलं. पूर्वी ते त्याला 'चष्मेवाले' म्हणायचे. "चष्मेवाले, तुमचं विमान म्हणजे पंख फुटलेला पत्र्याचा डबा!" म्हणून हसायचे, आणि तोही हसायचा. मनातून त्याला त्या डब्याचा भारी अभिमान होता. दोनच माणसांचं, अख्खं धातूचं, खडबडीत माळावर आपटत उतरायलाच बनवलेलं विमान. लग्नाचं वय गेलं आणि विमान घरात आलं, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

विमानाची देखभाल तो आणि मिस्त्री मिळून करत. मिस्त्री नट आवळायचे. मग तो प्रत्येक नटाला स्वतः पाना लावून बघायचा आणि नटावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची लाल रेघ ओढायचा. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. हे काम मात्र त्याचं. त्यात तो मिस्त्रींनाही हात लावू देत नसे.

त्या सकाळी ताई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. ऊन चढायच्या आत उडायचं होतं. पुढच्या चाकाचं काम तेवढं उरकायचं होतं. त्यातच मिस्त्रींना घरून फोन आला आणि ते बाजूला गेले. परत आले तेव्हा तो चाकापाशी उकिडवा बसला होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात ताईने थर्मासमधून ओतून दिलेला चहा.

"झाली का रे नखं रंगवून?" ताई वरून ओरडली होती. ती केव्हाच चढून बसली होती.

उड्डाण छान झालं. परत येताना वरून ताईचं घर दाखवायच्या नादात तो जरा जास्तच उंच राहिला. मग घाईने खाली आणलेलं विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक निखळून गेलं आणि नाक जमिनीत रुतलं. ताईचा गुडघा समोरच्या पट्टीवर आदळून फुटला.

माणसं धावत आली. ताई कण्हत होती. काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्रींनी नट सैल ठेवला."

आपटल्यानंतर नट त्याने पाहिलासुद्धा नव्हता. पण आपल्याला नीट उतरवता आलं नाही हे चारचौघांत, त्यातून ताईसमोर, सांगायला जीभ वळली नाही. मिस्त्री एक अक्षर बोलले नाहीत. खाली मान घालून उभे राहिले. महिन्याभरात मैदानावर त्यांना कुणी काम देईना.

आता विमान पुन्हा उभं राहिलं होतं आणि ताईने हट्टच धरला होता. "मी बसेन. पण आधी मिस्त्रींना परत आण. माणसाच्या हातून एकदा चुकतं. किती दिवस शिक्षा करायची?"

ताईने हे म्हटल्या दिवसापासून त्याला घास गोड लागला नव्हता.

"मिस्त्री," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "तुम्हाला परत न्यायला आलोय, पण आधी एक सांगायचंय. ताई, तूही ऐक. नट सैल नव्हता. मी विमान आपटलं. मी खोटं बोललो."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला.

"दोन वर्षं?" ताईचा आवाज चढला नाही, हेच त्याला सोसवेना. "दोन वर्षं मी मनातल्या मनात या भल्या माणसाला बोल लावतेय आणि तू माझ्यासमोर बसून जेवतोयस?"

"हो."

"वर त्यांना माफ करायला निघाले होते मी! देवा रे."

"ताई, त्यांना बोलू नका," मिस्त्री म्हणाले. "ते खोटं बोलले नाहीत."

ताई काठीवर भार देऊन पुढे झुकली.

"असल्या आपटण्याने ते विमान मोडायचं नाही, साहेब. नट मी नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. फोन आला, पाना लावायचा राहिला. परत आलो तर सगळे निघायच्या घाईत, मग माझ्याही डोक्यातून गेलं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा वाटलं, यांना कळलं. मग कुठल्या तोंडाने बोलणार?"

त्याच्या छातीवरचा धोंडा गडगडत खाली गेला. समोर एक माणूस आपला अपराध कबूल करतोय आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची त्याला लाज वाटली. तरी हलकं वाटलंच.

"पण नट तर तेव्हा कुणालाच सापडला नव्हता ना?" ताईने विचारलं.

"मला सापडला. दुसऱ्या दिवशी, गवतात." मिस्त्रींनी खण ओढून एक पत्र्याची डबी काढली. "कुणाला दाखवला नाही."

"का बरं?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. डबीतला नट काढून त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवला.

ताईने तो दाराच्या उजेडात धरला. अंगठ्याने फिरवून फिरवून पाहिला.

"याच्यावर ही अर्धी लाल रेघ कसली रे?"