मामीची कुंची

रोशनीनं दोन्ही कुंच्या पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या, जराशी थबकली, आणि सशाच्या कानांची कुंची उचलली.

"वहिनी, तुमची संध्याकाळी घालते हं," ती मोठ्या भावजयीला म्हणाली. "आत्ता फार उकडतंय. ही जरा जाळीची आहे."

"अगं, घाल की! बाळाला बरं वाटलं म्हणजे झालं," मोहिनी म्हणाली आणि हसलीसुद्धा. हसू तोंडावर होतं, दुखत होतं पोटात.

या घरात बारशाची कुंची मामी विणते आणि मामी म्हणजे मोहिनी, हे वीस वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं. थोरल्या नणंदेच्या तिन्ही पोरांनी तिच्याच कुंच्या घातल्या होत्या. आता दुसरी मामी आली होती. वेदिका, धाकटी जाऊ, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. क्रोशाची सुई कशी धरायची इथपासून तिला सगळं मोहिनीनंच शिकवलं. आधी साखळी, मग खांब, मग झालर. मोठ्या हौसेनं शिकवलं. पण पोरगी ससे, हत्ती, मोबाइलची पाकिटं विणून स्टेटसला टाकेल आणि अख्खं खानदान तिला बदाम पाठवत बसेल, असं काही ठरलं नव्हतं. काल या कुंचीचा फोटो आला. मोहिनीनं तो तीनदा पाहिला, आणि आपण पाहिल्याचं वेदिकाला दिसणार हे ध्यानात येऊन स्वतःवरच चरफडली.

सिडकोतल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाळणा सजला होता. दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहिल्या. एकीनं बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं वरून परत करायचं, असा फेरा सुरू झाला. पिंपळगावहून आलेल्या सखुबाई आत्यांनी बाळाला जवळ घेऊन निरखलं.

"लय ग्वाड दिसतंय गं! कुंची कुणी केली?"

"वेदिकानं!" चौघी एकदम म्हणाल्या.

तिला शिकवलं कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय.

तेवढ्यात मोहिनीला दोरा दिसला. झालरीच्या आतून वीतभर दोरा लोंबत होता. शेवटचा टाका उघडाच होता. दुसऱ्या कुणाच्या तो लक्षातही आला नसता. तिच्या आला, कारण ती शेवटची गाठ तिनं वेदिकाला कधी शिकवलीच नव्हती. काम संपत आलं की "आण इकडे" म्हणायची आणि शेवट कोपराआड स्वतः करून द्यायची. वेदिकाचे सगळे ससे आणि हत्ती आधी तिच्या हातून बंद झाले होते आणि मग स्टेटसला गेले होते. एवढं एक आपल्याकडे राहू दे, इतकाच तिचा हिशोब.

सांगावं का? दोन मिनिटांचं काम होतं. मोहिनी पदर खोचून फेऱ्यात उभी राहिली.

बाळ पाळण्याखालून तिच्या हातात आलं. घेताना दोरा तिच्या बांगड्यांत अडकला. तिला तो जाणवला. तरी तिनं बाळ वरून पलीकडे सखुबाईंच्या हातात दिलं. बाळ पलीकडे गेलं, दोरा मोहिनीकडेच राहिला आणि झालरीचे खांब एकामागून एक सुटत गेले.

"अगं बया! उसवलं की हे!" सखुबाई ओरडल्या. "कच्चं काम हाय पोरी. जमत नाय तर विकतची आणायची."

कुणीतरी फिस्सकन हसलं. वेदिका कानापर्यंत लाल झाली. मोहिनीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तोंडानं मात्र ती "अरे अरे, असं कसं झालं" म्हणत होती.

वेदिका आत जाऊन सुई घेऊन आली आणि थेट तिच्यापुढे उभी राहिली.

"ताई, गाठ राहिली होती. कालपासून तुमच्या मागे मागे फिरतेय, पण तुम्ही आधी लाडवांत, मग पाहुण्यांत. रोशनीताईंना सांगणार होते, तर त्यांनी तोवर घातलीसुद्धा."

"मग मारायची होतीस ना तूच," मोहिनी म्हणाली. "मोबाइलवर सगळं दिसतं म्हणे तुमच्या."

"दिसतं की. येते मला मारता."

वेदिकानं सुई तिच्यापुढे धरली.

"पण शेवटची गाठ घरातल्या मोठ्या बाईनं मारायची असते ना?" वेदिका म्हणाली. "तुम्ही दर वेळी मारता. तुमचा हात लागल्याशिवाय बाळाला कशी घालायची?"

"हां, मग बराबर हाय," सखुबाई म्हणाल्या. "मोठीचा हात पायजेच." आणि त्यांनी बाळ मोहिनीकडे दिलं.

मोहिनी खाली बसली. बाळ मांडीवर घेऊन तिनं सुटलेले खांब पुन्हा घातले. एरवी डोळे मिटून चालणारी सुई आज दोनदा चुकली. बाया पाळण्याभोवती ताटकळत उभ्या होत्या. शेवटच्या टाक्याशी ती आली तशी वेदिका बाळाचं डोकं सावरायला पुढे वाकली.

मोहिनीचं कोपर सवयीनं आड आलं.

आणि वेदिकानं, तिनंही सवयीनंच, मान दुसरीकडे वळवली.